स्केल मॉडेल कार: पहिल्या कापापासून शेवटच्या चिखलापर्यंतचा क्रम

ओळखीतला एक कॉलेजचा मुलगा परवा १/२४ ची कार घेऊन घरी आला. कार पूर्ण जोडलेली. काचा बसलेल्या, दिवे चिकटवलेले, चाकं फिरणारी. "काका, आता रंग कोणता मारू?" असं त्यानं विचारलं. पण रंग मारायला वावच राहिला नव्हता. काचांवर टेप लावली तरी कडेखालून रंग आत झिरपणार, सीटपर्यंत ब्रश पोचणार नाही, आणि सांधा घासायला गेलं तर दिवा तुटणार.

हे मी वरचेवर बघतो. मुलांचा हात चांगला असतो, किट चांगलं असतं, क्रम तेवढा चुकतो. म्हणून इथं प्रत्येक टप्प्यावर आधी काय आणि नंतर काय, एवढंच धरून सांगतो. १/२४ म्हणजे चार मीटरची गाडी साधारण १६.७ सेंटिमीटरची होते. हे प्रमाण लक्षात असू द्या, शेवटी गाडी मळवताना याचाच हिशोब लागतो.

## सुरुवातीआधी: हवा, जागा, थिनर

कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत लॅकरचा, म्हणजे झटपट वाळणाऱ्या जहाल थिनरच्या रंगाचा, स्प्रे शक्यतो मारू नका. लॅकरमधला थिनर झपाट्यानं उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि दमट हवेतलं पाणी त्या ओल्या रंगावर बसतं. रंग दुधाळ, पांढरट होतो. काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर तर हे लांबूनही दिसतं. पावसाळ्यात कापणं, घासणं, सुकं जुळवणं ही कामं उरकून घ्यावीत. रंगकाम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत. त्या दिवसांतसुद्धा सकाळचं दव ओसरल्यावर, अकरा ते चारच्या दरम्यान मारलेला हात सगळ्यात चांगला बसतो.

जागा उघड्या खिडकीजवळची घ्या. कापडी मास्क धूळ थोडीफार अडवतो, थिनरची वाफ अजिबात अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो.

सावधान: स्प्रे करताना त्या खोलीत देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस यातलं काहीही पेटलेलं नको. वाफ जमिनीलगत पसरते आणि ज्योतीपर्यंत पोचते.

हत्यारं फार लागत नाहीत. निपर, धारदार चाकू, चिमटा, मास्किंग टेप, प्लास्टिक मॉडेलचं पातळ सिमेंट (चिकटवायचं द्रव), प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), आणि ४००, ६००, १०००, २००० नंबरचे पॉलिश पेपर. पॉलिश पेपर कोल्हापूरच्या उद्यमनगरात हार्डवेअर दुकानात सुटे मिळतात. गाड्यांचे पेंटर वापरतात तेच. गॅरेजमधला एनसी थिनर मात्र विचार न करता आणू नका. तो पॉलिस्टायरिन प्लास्टिक विरघळवू शकतो. आणलाच तर आधी स्प्रूच्या, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्या, तुकड्यावर एक थेंब टाकून दहा मिनिटं बघा.

रंगांचा एक नियम पाठ करून ठेवा: लॅकर खाली, ॲक्रिलिक मधे, इनॅमल वर. इनॅमलवर लॅकर मारला तर लॅकरचा जहाल थिनर खालच्या थराला चावतो आणि रंगाला सुरकुत्या पडतात. त्या घासून जात नाहीत, सगळा रंग काढावा लागतो. उलट क्रमानं, सुकलेल्या लॅकरवर ॲक्रिलिक किंवा इनॅमल चालतं.

## १. धुणं, कापणं, घासणं

साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट लेप कधीकधी भागांवर राहतो, आणि हाताळताना बोटांचं तेल लागतंच. त्यावर प्रायमर धरत नाही, सालपट निघतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, सगळे स्प्रू बुडवा, जुन्या मऊ टूथब्रशनं हलकेच फिरवा, स्वच्छ पाण्यानं धुऊन कागदावर सावलीत सुकवा. उन्हात नको, पातळ भाग वाकतात.

भाग कापताना दोन कापात कापा. पहिला काप भागापासून दोन मिलीमीटर लांब, दुसरा अगदी लगत. एकाच कापात लगत कापलं की प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरं पडतं, कधी खळगा पडतो.

आता बॉडी. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं प्लास्टिकवर केसासारखी रेघ उठते. कार मॉडेलमध्ये ती बहुतेक वेळा मडगार्डच्या वरून, छताच्या खांबांवरून आणि बंपरच्या कोपऱ्यांवरून जाते. नुसत्या डोळ्यांना ती नीट दिसत नाही. नख आडवं फिरवा, अडकलं की रेघ आहे. तिच्यावर पेन्सिल फिरवा आणि ४०० चा ओला पेपर रबराच्या छोट्या तुकड्यावर गुंडाळून पेन्सिल जाईपर्यंत घासा. मग ६००, मग १०००. बोटानं थेट घासू नका. बोट मऊ असतं, त्याखाली सपाट जागेवर खोलगट पट्टा तयार होतो.

खळगा असेल तर लांबी (पुट्टी) भरा, पण पातळ थरात, आणि एक दिवस तशीच ठेवा. लांबी सुकताना आकसते. आज भरून आज घासली तर आठवड्यानं रंगाखाली खड्डा दिसतो.

दरवाजा, बॉनेट, डिकी यांच्या खाचा याच वेळी सुईच्या टोकानं हलकेच खोल करा. प्रायमर, रंग, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) असे पाच-सहा हात बसल्यावर उथळ खाच भरून जाते आणि दरवाजा नुसता काढल्यासारखा दिसतो. रंगानंतर खाच खोल करता येत नाही. करायला गेलं तर कडेचा रंग उडतो.

तपासणी: उद्यमनगरातला पेंटर दरवाजा कसा बघतो ते कधी पाहा. तो रंगाकडे बघत नाही. डोकं हळूहळू खाली-वर करत त्यात पडलेली ट्यूबलाइटची रेघ बघतो. रेघ जिथं वाकते तिथं खड्डा. बॉडी पाण्यात बुडवून ओली असतानाच ट्यूबखाली धरा आणि तसंच करा. ओलं प्लास्टिक चमकतं, दोष लगेच दिसतो.

## २. सुकं जुळवून बघणं

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो आणि सगळ्यात जास्त नुकसान याच्यानंच होतं. माझंही झालंय. एका कारला लाल रंगाचे चार हात दिले, क्लिअर दिला, पॉलिश केली, आणि आतलं सीटांचं केबिन चढेना. दोन्ही बाजू बोटांनी फाकवल्या, तर पुढच्या काचेशेजारचा खांब तडकला. लाल रंगावर ती तड आजही दिसते. दारांच्या आतल्या पट्ट्या अर्धा मिलीमीटर जाड होत्या. रंगाआधी त्या पाच मिनिटांत घासता आल्या असत्या.

म्हणून सिमेंट न लावता, फक्त टेपनं, पूर्ण गाडी उभी करा. चासी, आतलं केबिन, काचा, बॉडी, बंपर. काच सरकून बसते का? बॉनेट दोन्ही बाजूंनी सारखं बसतं का? जिथं घट्ट आहे तिथं थोडं घासा, कारण रंगाचे हात बसले की ती जागा आणखी घट्ट होणार.

तपासणी: गाडी आरशाच्या किंवा काचेच्या तुकड्यावर ठेवा. चारही चाकं टेकली पाहिजेत. कागदाची पट्टी एखाद्या चाकाखालून सरकली तर ॲक्सल आत्ताच सरळ करा.

## ३. काय आधी चिकटवायचं, काय नाही

बॉडीच्या रंगाचे आणि बॉडीशी सांधा दिसू नये असे भाग आधी चिकटवा: मागचा स्पॉयलर, बाजूच्या पट्ट्या, जुन्या गाडीचं मडगार्ड. वेगळ्या रंगाचं किंवा पारदर्शक काहीही आत्ता नको.

पातळ सिमेंट भागावर लावायचं नसतं. दोन भाग आधी जुळवून धरायचे आणि सांध्याला ब्रशचं टोक टेकवायचं. ते आपोआप आत ओढलं जातं. सिमेंट प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, त्यामुळे रंगलेल्या जागेवर ते धरत नाही. तिथला रंग चाकूनं खरवडून मगच लावा. क्रोम केलेल्या भागांचंही तसंच, चिकटवायच्या जागेचं क्रोम आधी खरवडा.

## ४. प्रायमर

स्प्रे कॅन कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा, हाताला सोसेल इतक्याच पाण्यात. दाब नीट येतो आणि थेंब बारीक पडतात. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात ठेवलेला कॅन फुटतो.

बॉडी आतून टेपनं एखाद्या रिकाम्या बाटलीवर पक्की बसवा, म्हणजे हातात फिरवता येईल. अंतर १५ ते २० सेंटिमीटर. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करा, गाडीवरून न थांबता न्या, पलीकडे गेल्यावर बंद करा. गाडीवर बोट दाबलं किंवा सोडलं की तिथं थेंब साचतो. पहिला हात नुसता धुकट, दुसरा झाकणारा.

लाल प्लास्टिकची बॉडी असेल आणि वर पांढरा किंवा पिवळा मारायचा असेल तर प्रायमरवर चंदेरी रंगाचा एक हात द्या. नाहीतर खालचा लाल वर उमटून पांढरी गाडी गुलाबी होते.

तपासणी: करडा प्रायमर वाळला की राहिलेली प्रत्येक रेघ आणि ओरखडा आपोआप वर येतो. निराश होऊ नका, प्रायमर त्यासाठीच असतो. घासा, धुवा, तेवढ्या जागेवर पुन्हा मारा. प्रायमरवर दिसलेला दोष रंगाखाली जात नाही, चमकदार रंगात तो दुप्पट दिसतो.

## ५. रंग

धूळ हा मुख्य शत्रू. स्प्रेच्या दहा मिनिटं आधी फरशीवर पाण्याचा हबका मारा, पंखा बंद करा, स्वेटर काढून ठेवा. रंग मारून झाला की गाडी लगेच प्लास्टिकच्या डब्याखाली झाका, तळाशी थोडी फट ठेवून.

हातांचा क्रम असा. पहिला हात धुकट, खालचा करडा दिसत असला तरी थांबायचं. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा, थोडा भरून. तितक्याच वेळानं तिसरा, ओला दिसेल असा, म्हणजे फवारा जाताना मागे ओली चमक राहील. कडा, आरशाचे कोपरे, ग्रिलच्या आजूबाजूची जागा पहिल्या हातातच घ्या. शेवटच्या ओल्या हातात तिथं जास्त रंग गेला की ओघळ येतो.

ओघळ आला तर? हात लावू नका. पुसलेला ओला रंग म्हणजे सगळ्या बाजूचं काम वाया. दोन दिवस वाळू द्या, १००० नं घासून सपाट करा, पुन्हा हलका हात द्या.

पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला तर तुम्ही लांबून मारलंय किंवा कॅन थंड होता. तोही वाळल्यावर २००० नं सपाट होतो.

मेटॅलिक रंग असेल तर खाली चकचकीत काळा मारून बघा. चंदेरी कण त्यावर जास्त खोल दिसतात.

तपासणी: लॅकरला किमान एक ते दोन दिवस, इनॅमलला आठवडा. घड्याळापेक्षा नाक खरं. गाडी नाकाजवळ धरा. वास येत असेल तर आतून अजून ओली आहे, टेप लावू नका.

दोनरंगी गाडीला टेप लावताना कडेवर नख फिरवा आणि टेपच्या कडेला आधी खालच्याच रंगाचा धुकट हात द्या. फट असेल तर ती त्याच रंगानं भरते, आणि मग दुसरा रंग आत जात नाही.

## ६. डिकॅल आणि क्लिअर

डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून बसवायची छापील चित्रं-अक्षरं, चमकदार पृष्ठभागावरच बसवा. खडबडीत रंगावर खाली हवा राहते आणि चंदेरी डाग दिसतात. पंधरा-वीस सेकंद पाण्यात, मग ओल्या कागदावर मिनिटभर, आणि सरकायला लागलं की ब्रशनं जागेवर न्या. एक दिवस वाळू द्या, मग क्लिअर.

क्लिअरचा पहिला हात अगदी हलका. डिकॅलवर पहिल्याच हाताला ओला क्लिअर मारला तर ते आकसून चुरगळतं.

सावधान: गॅरेजमध्ये वापरतात तो हार्डनर घालायचा टू-के क्लिअर घरात मारू नका. त्यात आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसाला इजा करतात आणि त्यांची ॲलर्जी कायमची जडू शकते. मॉडेलच्या लॅकर रंगावर साधा लॅकर क्लिअर पुरतो.

इथं एक निर्णय घ्या: गाडी शोरूममधली ठेवायची की रस्त्यावरची? शोरूमची असेल तर आठवड्यानं २००० च्या ओल्या पेपरनं, मग कंपाउंडनं पॉलिश करा. बॉनेटच्या आणि दाराच्या कडांवर आधी बारीक टेप लावा, कारण रंग पहिल्यांदा कडांवरूनच निघतो. गाडी मळवायची असेल तर पॉलिश सोडा, सातवा टप्पा उरकून आठव्याकडे जायचं आहे.

## ७. आतलं काम आणि टायर

बॉडी वाळत असते त्या दिवसांत केबिन, इंजिन, चासी ब्रशनं करा. सीटला मॅट किंवा सेमी-ग्लॉस. चमकणारं सीट खेळण्यासारखं दिसतं. टायरच्या मध्यावरची साच्याची रेघ आणि नवी चमक दोन्ही ४०० च्या पेपरवर टायर फिरवून काढा. एवढ्या एका गोष्टीनं मॉडेल एकदम गाडी वाटायला लागतं.

## ८. वेदरिंग: आधी बघा, मग मळवा

सगळ्यात जास्त गाड्या इथं बिघडतात. बहुतेक जण सगळीकडे सारखा गंज आणि सारखा चिखल थापतात. खरी गाडी तशी मळत नाही.

एखादी जुनी वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणारी, जीप जवळून बघा. चालकाच्या दाराच्या हँडलखाली रंग घासून पांढुरका झालेला असतो, कारण रोज तिथं अंगठा लागतो. मागच्या पायरीच्या मधोमध रंग नसतोच, पायांनी घासून पत्रा चकचकीत झालेला असतो, आणि पायरीच्या दोन टोकांना मात्र मूळ रंग जसाच्या तसा. कॅरिअरच्या खाली छतावर दोन लांब ओरखडे. दाराच्या तळकडेला, जिथं पाणी साचून राहतं, तिथं गंज. छताच्या मधोमध गंज नाही, तिथं उन्हानं फिकट झालेला रंग. म्हणजे प्रत्येक डागामागं कारण असतं. डाग लावायच्या आधी स्वतःला विचारा, इथं काय घासतं, काय साचतं, काय उडतं?

आता प्रमाणाचा हिशोब. मॉडेलवर दोन मिलीमीटरचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ पाच सेंटिमीटरचा. मातीचा अर्ध्या मिलीमीटरचा कण म्हणजे बारा मिलीमीटरची खडी. म्हणून टवके सुईच्या टोकाएवढे, आणि माती मलमलच्या कापडातून दोनदा गाळलेली.

क्रम असा ठेवा.

क. वार्निश. सेमी-ग्लॉस ॲक्रिलिक क्लिअरचा एक हात. खालचा रंग आता सुरक्षित आहे, वरचं काम चुकलं तर पुसता येईल.

ख. टवके. स्पंजचा चिमूटभर तुकडा ॲक्रिलिक रंगात बुडवा, कागदावर जवळजवळ कोरडा करा, मग कडांवर हलकेच टेकवा. पोलादी पत्र्यावर गडद तपकिरी. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र गंज येत नाही! तिथला टवका काळा किंवा करडा. ॲल्युमिनिअमच्या व्हीलवरही तांबडा गंज नाही. ही चूक फार दिसते.

ग. वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग. तैलरंगातला बर्न्ट अंबर कागदी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा, जास्तीचं तेल पुठ्ठा शोषून घेतो. मग मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ करा. बारीक ब्रशचं टोक खाचेला टेकवा, रंग आपोआप धावतो. अर्ध्या तासानं टर्पेंटाइननं ओलसर केलेल्या इअरबडनं बाजूचा डाग पुसा, नेहमी वरून खाली, पाणी वाहतं त्या दिशेनं. पांढऱ्या गाडीला काळा वॉश देऊ नका, करडा द्या. लाल गाडीला गडद तपकिरी.

सावधान: वॉश रंग न लावलेल्या, ताणाखाली असलेल्या प्लास्टिकवर जाऊ देऊ नका. ॲक्सलची जागा, घट्ट बसवलेले पिन अशा ठिकाणी टर्पेंटाइननं प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं.

घ. मॅट क्लिअर, तोही ॲक्रिलिकच. पूर्ण वाळल्यावर हलका हात, म्हणजे धूळ धरायला जागा मिळते.

च. धूळ आणि चिखल. माती कुठली ते आधी ठरवा. शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी माती सुकली की करडी-तपकिरी दिसते. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडची जांभ्याची माती तांबूस. उसाच्या हंगामात शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची चाकं बघा, खाचांत ओला गडद चिखल आणि वर सुकलेला फिकट. एकाच मॉडेलवर दोन्ही माती मिसळली की गाडी कुठूनच आल्यासारखी वाटत नाही.

खरी माती वापरायची तर उन्हात खडखडीत वाळवा, खलात बारीक करा, गाळा. नाहीतर कोरड्या पेस्टल खडूची पावडर पॉलिश पेपरवर घासून काढा. तिचे कण आणखी बारीक असतात. ब्रशनं ठेवा, टर्पेंटाइनचा थेंब बाजूला टेकवा, तो पसरून पावडर धरून ठेवतो. ओली असताना गडद दिसेल. वाळल्यावर बरीच फिकट होते, म्हणून थांबा आणि मगच आणखी घाला. चिखल चाकांच्या मागच्या बाजूला आणि दाराच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. वर जाताना विरळ. छतावर नुसती धूळ.

पावडरवर पुन्हा क्लिअर मारू नका, सगळी धूळ त्यात गायब होते.

## ९. शेवटची जोडणी

काचा फेविकॉलनं चिकटवा. फेविक्विकची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून पांढरं धुकं धरतं आणि ते पुसून जात नाही. फेविकॉल वाळायला चार-पाच तास लागतात, पण वाळला की पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या इअरबडनं पुसता येतो. काच आतून, मग केबिन, मग चासी. दिवे, आरसे, वायपर सगळ्यात शेवटी, कारण हाताचा धक्का पहिल्यांदा त्यांनाच लागतो.

धुळीच्या गाडीच्या पुढच्या काचेवर वायपरची स्वच्छ कमान हवी असेल तर काच बसवण्यापूर्वीच टेपचा तुकडा कमानीच्या आकारात कापून चिकटवा, पातळ धूळ-रंग मारा, टेप काढा.

नंबर प्लेट: आपल्याकडं कारची लांब प्लेट ५०० बाय १२० मिलीमीटर, म्हणजे १/२४ ला २०.८ बाय ५ मिलीमीटर. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरं, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळी. कोल्हापूरचा एमएच ०९ लिहिताना पुढचा नंबर कुणाच्या खऱ्या गाडीचा नसेल एवढं बघा. चांगल्या फोटो कागदावर छापा, कडा काळ्या स्केचपेननं रंगवा, नाहीतर कागदाची पांढरी जाडी दिसते. मळलेल्या गाडीची प्लेट कोरी ठेवू नका, तिच्यावरही खालच्या कडेला चिमूटभर माती.

गाडी काचेच्या पेटीत, थेट उन्हापासून लांब ठेवा. पहिला आठवडा पेटीचं झाकण थोडं उघडं असू द्या, आत राहिलेली थिनरची वाफ काचांवर बसणार नाही. उचलायची वेळ आली तर चासीला खालून धरा, दारांना बोट लावू नका. तिथली धूळ तुमच्या बोटावर येईल.